पहिलं फूल खुडणारे अण्णा

स्ट्रॉबेरी म्हटल्याबरोबर तुम्ही मनातल्या मनात महाबळेश्वरला निघालात ना? थंड हवा, क्रीमचा ग्लास वगैरे? उतरा खाली. आपल्याला जायचंय बेंगळुरूला, चामराजपेटेत, तीन जिने चढून गच्चीवर. आणि तिथे स्ट्रॉबेरीच्या आधी तुम्हाला दिसणार लुंगी वर खोचलेला, दोन्ही हातांत कुंड्या घेऊन पळणारा एक म्हातारा.

ते अण्णा, माझे घरमालक. पळायचे, कारण शेजारच्या उंच बिल्डिंगची सावली सकाळी नऊला गच्चीवर यायची आणि सरकत राहायची. अण्णा तिच्या पुढे पुढे कुंड्या न्यायचे. यशवंतपूरच्या कारखान्यात आयुष्यभर लेथपुढे उभा राहिलेला माणूस. बसायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. कॉफीसुद्धा चालता चालता. "बसा हो अण्णा," म्हटलं की म्हणायचे, "सूर्य बसलाय काय? मग मी कशाला बसू?"

त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड मुरलेलं. दर वाक्यात एक 'स्वल्प', म्हणजे जरा, शेवटी एक 'सरी', म्हणजे बरं, आणि कुठल्याही पोराला 'मगा', म्हणजे बाळा. मी बार्शीचा. पहिल्या दिवशी मला अर्धं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते हुबेहूब बोलायला लागलो. माझा गळाच तसला आहे. सहावीत मी भिंतीआडून हेडसरांच्या आवाजात "आज शाळा लवकर सुटेल" म्हणालो होतो, आणि दोन वर्ग घरी गेले होते.

बिल्डिंगमधल्या पाच पोरांना अण्णांनी एकेक कुंडी दिली होती. कुंडीवर खडूने नाव. नियम कडक. पाणी मुळाशी, पानावर नाही. आणि सगळ्यात कडक नियम: पहिलं फूल खुडायचं. जानेवारीत पांढरी फुलं आली आणि पोरं नाचायला लागली, तर अण्णा म्हणाले, "खुडा रे." रडारड झाली. पहिल्या मजल्यावरची सात वर्षांची चिन्मयी तर कुंडीवर आडवीच पडली. अण्णा वाकले. "मगा, झाड स्वल्प लहान आहे. आत्ता फळ धरलं तर दमून जाईल. दुसरी फुलं येतील ना, ती ठेवू. सरी?" नाक ओढत चिन्मयी म्हणाली, "सरी." आणि स्वतःच्या हाताने खुडलं.

दुसरी फुलं फेब्रुवारीच्या शेवटी आली. तोवर कळलं होतं की चिन्मयीच्या बाबांची पुण्याला बदली झालीय, परीक्षा संपली की निघणार. म्हणजे चार आठवडे. फुलापासून लाल फळापर्यंतही साधारण तेवढेच लागतात. अण्णा बोटांवर दिवस मोजायचे आणि तिची कुंडी घेऊन सगळ्यात जास्त पळायचे. "पोरगी चव घेऊनच जाणार," एवढंच म्हणायचे.

एका शनिवारी ते भाताचा पेंढा आणायला यशवंतपूरला गेले. फळ मातीला टेकून सडू नये म्हणून खाली पसरायला. पोरं गच्चीवर, मी टाकीशेजारच्या माझ्या खोलीत, हातात लॅपटॉप, डोक्यात कंटाळा. दाराआडून मी हाक दिली, "मगा! फुलं खुडा रे! सगळी! स्वल्प लवकर!"

एरवी माझी नक्कल पोरं लगेच ओळखायची आणि खिदळायची. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मला वाटलं, विनोद पडला. पाच मिनिटांनी बाहेर आलो तर चिन्मयीच्या ओंजळीत पाच कुंड्यांची फुलं. "अण्णा कुठेत?" ती म्हणाली. "हे त्यांना द्यायचंय."

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली नक्कल होती.

अण्णा पेंढ्याचा भारा घेऊन वर आले. पोरं म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तशी खुडली." अण्णांनी कुंड्यांकडे पाहिलं, मग माझ्या दाराकडे. मग म्हणाले, "हो रे मगा. माझंच चुकलं स्वल्प." आणि चिन्मयीच्या कुंडीतली पानं एकेक उचलून पाहायला लागले. एका पानाखाली एक फूल राहून गेलं होतं.

नंतरचे तीन आठवडे अण्णा त्या एका फुलामागे धावले आणि मी अण्णांमागे. कुंडी उचलायला गेलो की बाजूने निघून जायचे. ओरडतील, घर खाली कर म्हणतील, काहीतरी बोलतील, म्हणून मी जिन्यात मुद्दाम आडवा यायचो. "कॉफी झाली?" एवढंच विचारायचे. मला झोप लागेना. हेडसरांची छडी बरी, लगेच पडायची तरी.

चिन्मयी निघायच्या दिवशी फळ जेमतेम पांढरं झालं होतं. तिचे बाबा म्हणाले, "अण्णा, गाडीत कुंडीला जागा नाही हो." अण्णा म्हणाले, "तिच्या मांडीवर आहे की." कुंडी तिच्या मांडीवर ठेवली, पेंढा नीट केला, आणि तिला सांगितलं, "देठापर्यंत लाल झाल्याशिवाय हात लावू नको." गाडी कोपऱ्यावरून वळली.

मग अण्णा माझ्याकडे वळले. "वर ये."

गच्चीवर ते कठड्याला लागून चालत राहिले, मी मागे. "माझी नक्कल करतोस, कर. मी पण हसतो. पण उद्या एखादं पोर या कठड्यावर चढलं, मी 'उतर' म्हणून ओरडलो, आणि ते तिथेच हसत बसलं तर? त्याला वाटलं, हा खोलीतला भाडेकरू आहे, तर? सांग की. बार्शीत शिकलास ना? सांग."

मी कठड्यावरून खाली पाहिलं. तीन मजले.

"चुकलं, अण्णा," मी म्हणालो.

ते थांबले. "हे कुणाच्या आवाजात बोललास?"