फडक्याखालचं काम

दुकानाच्या उंबऱ्यावर कुणाचं पाऊल पडलं की चाचा आधी हातातल्या कामावर फडकं टाकायचे आणि मग मान वर करायचे. फडकं कधीकाळी निळ्या चौकटीचं असावं. मी पाहिलं तेव्हा तेलानं काळं झालं होतं. "काय करताय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "काम चालू आहे." पुण्यात राहून इतकं कमी बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. इतकं जास्त बोलणारा पाहायचा असेल, तर मी आहेच.

मी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात होतो. स्वारगेटमागच्या गल्लीत चाचांचं लेथचं दुकान होतं, तिथं आमचे मोडके सुटे भाग घेऊन जायचो. "उद्या देता का?" म्हटलं की चाचा म्हणायचे, "कच्चं नाही देत, साहेब." म्हणजे परवा. हे 'साहेब' आदराचं होतं की टोमणा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दोनेक वर्षांनी एकदा मी आत गेलो आणि त्यांनी फडकं टाकलं नाही. मला तर जावयाचा मान मिळाल्यासारखं वाटलं. टेबलावर एक लोखंडी झडप होती.

चाचांच्या धाकट्या भावाचं रसवंतीगृह होतं. चिपाड दुमडून परत चरकात घालताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. ही झडप चरकाच्या तोंडाशी बसवायची. ऊस खालच्या फटीतून आत जाणार, पण हात पुढं सरकला की झडप मागं ढकलली जाऊन चरक जागच्या जागी थांबणार. कोपऱ्यात भावाचा जुना चरक आणून ठेवला होता. त्यावर चाचांनी मला दाखवलं, स्वतःचं बोट घालून. चरक थांबला. चाचा म्हणाले, "स्प्रिंग अजून मऊ पाहिजे."

"चाचा, याचं पेटंट घ्या!" मी ओरडलो. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक शहाणा सल्ला. पुढचं सगळं मी निस्तरू न शकलेलं आहे.

पेटंट, ट्रेडमार्क, धंद्याचे करार असली कामं करणाऱ्या एका वकीलबाईंच्या कचेरीत मी त्यांना घेऊन गेलो. तुम्ही कधी अशा कचेरीत बसला असाल तर ठाऊक असेल, तिथं प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी असते आणि प्रत्येकाचा हात पिशवीच्या तोंडावर असतो. शेजारच्याला "आपण काय करता?" विचारायचं नाही. मी विचारलं. गृहस्थ पिशवी उचलून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. चाचा माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. ही जागा त्यांच्याच जातकुळीची होती.

वकीलबाईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, "कुणाला दाखवलंत?"

"भाऊ आणि हे साहेब," चाचा म्हणाले.

"इथंच थांबा. अर्ज दाखल होईपर्यंत तिसऱ्याला दाखवायचं नाही. एकदा चारचौघांत दाखवलं की ते नवीन राहत नाही, आणि नवीन नसेल तर कायदा तुमचा नाही. मी तर म्हणते, आधी कच्चा अर्ज टाकून ठेवू, म्हणजे तारीख आपली होते; पक्का वर्षभरात देता येतो."

"कच्चं नाही देत," चाचा म्हणाले. "स्प्रिंग बदलतोय. महिनाभर द्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "यांना समजवा." मी मान डोलावली. वकिलासमोर मी नेहमीच मान डोलावतो.

त्या महिन्यात माझ्या मेव्हण्यानं घात केला. म्हणजे घात मीच केला, पण मेव्हणा असताना माणूस स्वतःला दोष कशाला देईल? पुण्याजवळच्या मांजरी गावात रसवंतीवाल्यांचा मेळावा होता आणि मेव्हणा त्यात पुढे होता. त्याच्यापुढं मी झडपेबद्दल बोलून बसलो होतो. तो म्हणाला, "भावजी, घेऊन या की!"

मी चाचांना म्हटलं, "खऱ्या चरकावर, खऱ्या गर्दीत तपासून होईल. तुम्हीही चला."

चाचांनी एवढंच विचारलं, "बाईंना विचारलं?"

आणि मी म्हणालो, "विचारलं."

अहो, विचारणारच होतो. फोनपर्यंत गेलोही होतो. पण बाई 'नाही' म्हणतील हे मला माहीत होतं, म्हणून नाही विचारलं.

मेळाव्यात मी व्यासपीठावर चढलो आणि चरकात बोट घातलं. बायका किंचाळल्या. चरक थांबला. टाळ्या! पुन्हा घालून दाखवा म्हणाले, पुन्हा घातलं. पाच-सहा वेळा तरी घातलं असेल. पुढच्या रांगेतल्या एका कारखानदारानं जवळ येऊन झडप खालून-वरून पाहिली आणि फार चांगले प्रश्न विचारले. मी फार चांगली उत्तरं दिली. मग शाल, श्रीफळ आणि वर्तमानपत्रात फोटो. फोटोच्या मध्यभागी माझं बोट, त्यामागं मी, आणि कडेला चाचांचा एक खांदा. खाली छापलं होतं, 'संशोधक' आणि पुढं माझं नाव.

ते कात्रण मी फ्रेम करून घेतलं. आणि पुढच्या आठवड्यात स्प्रिंग मनासारखी झाल्यावर आम्ही अर्जाला गेलो, तेव्हा ती फ्रेम वकीलबाईंच्या टेबलावर ठेवली. पुरावा म्हणून!

बाईंनी चष्मा लावला, वाचलं आणि फ्रेम पालथी घातली.

"सरकारनं जाहीर केलेलं प्रदर्शन होतं का हे? तसं असेल तर एखादी वाट निघते."

"नाही, मेळावा होता. त्यात सत्कार."

"कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी चाचांना विचारलं, "मी बजावलं होतं ना? मग हे तिकडं नेलं कुणाच्या सांगण्यावरून?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी पालथ्या फ्रेमच्या मागचा खिळा बघत होतो.

"मीच पाठवलं," चाचा म्हणाले.

बाई समजल्या असाव्यात. "अर्ज अजूनही टाकता येईल," त्या हळू म्हणाल्या, "पण हे कात्रण कुणीही पुढं करील आणि तो पडेल. ते लपवून मी सही घेणार नाही."

"नको," चाचा म्हणाले. "खोटं कशाला लिहायचं?"

दिवाळीच्या आत त्या कारखानदाराची झडप बाजारात आली. हिरवा रंग, वर चकचकीत नाव. बाईंना विचारलं, नोटीस पाठवता येईल का? त्या म्हणाल्या, "कशाच्या जोरावर?"

मी शिव्यांची वाट पाहत राहिलो. चाचांनी पूर्वीसारखाच चहा पाजला. फक्त त्यांनी फडकं टाकायचं सोडून दिलं. कुणीही यावं, काम उघडं. फडकं खिळ्याला लटकलेलं असायचं आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. कधी आम्ही रस प्यायला जायचो. हिरवी झडप दिसली की चाचा बोट पुढं करायचे. चरक थांबायचा, रसवाला खेकसायचा, "ओ चाचा, धंद्याची वेळ आहे!" चाचा मला म्हणायचे, "स्प्रिंग कडक ठेवलीय त्यांनी. कच्चं काम." त्या झडपेबद्दल ते एवढंच बोलले.

बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त होऊन वारज्याला राहायला गेल्यावर, एका सकाळी सहज दुकानात डोकावलो. चाचांनी झटकन टेबलावर फडकं टाकलं.

"काय करताय?"

"काम चालू आहे. अर्ज झाला की दाखवतो, साहेब." आणि मग, माझी नजर चुकवून, "बाईंकडे जाऊन आलो. एकटाच."

तुम्हाला वाटेल मला लागलं असेल. लागलंच. पण घरी जाताना बसमध्ये मी वेड्यासारखा हसत होतो. चाचांकडे पुन्हा लपवण्यासारखं काहीतरी होतं.

पावसाळ्याअखेर चाचा गेले. दहा-बारा दिवसांनी वकीलबाईंचा फोन आला. "त्यांच्या नव्या कामाचा अर्ज मी आता मुलीच्या नावानं टाकायला तयार आहे. पण ते काय आहे हे त्यांनी मला पूर्ण सांगितलंच नाही. कच्चा अर्ज टाकू म्हटलं, तर ऐकेनात. तुम्ही तरी पाहिलंय ना?"

"नाही हो."

"अहो, खरं सांगा. या वेळी पाहिलेलं असलं तर बरंच आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच मी वकिलाला खरं सांगत होतो, आणि तेच नेमकं उपयोगाचं नव्हतं.

चाचांच्या मुलीनं दुकान उघडलं. बाईही आल्या होत्या. मुलीनं फडकं उचललं. खाली एक पट्टी, तिला सात भोकं, दोन स्प्रिंगा आणि अर्धवट कातलेला एक दांडा. बाईंनी चष्मा लावून पाहिलं. मी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. दांडा भोकात घालून पाहिला, बसला नाही.

"काका, हे काय आहे?" मुलीनं विचारलं.

मला सांगता आलं नाही. तेवढ्यात उंबऱ्यावर कुणीतरी येऊन उभं राहिलं, दुकान भाड्यानं मिळेल का विचारायला. मी आधी फडकं टाकलं आणि मग मान वर केली.