लेकीच्या कानातली बांग

इब्राहीम, लोणावळा स्टेशनवर अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तू शेजारीच होतास. ते एवढंच म्हणाले, "तितं कोन वळखीचं न्हाई म्हनू नगंस. आपन हाक मारली की मानूस वळखीचा हुतो." मी एकोणीस वर्षांची. आपल्या औंढे गावापलीकडे मला लोणावळ्याचा बाजार तेवढा ठाऊक. तुझे दाजी तिथल्या लोकोशेडमध्ये फिटर होते. त्यांना आफ्रिकेत, मोंबासाच्या रेल्वेत नोकरी लागली आणि मी त्यांच्यामागे निघाले.

वाटलं होतं, मुसलमानांचीच वस्ती, जड जाणार नाही. पण आमच्या गल्लीत स्वाहिली, येमेनी, सोमाली, कच्छी. नमाज सगळ्यांची एक, बोली प्रत्येकाची निराळी. पहिल्या दिवशी मी सवयीने मावळतीकडे तोंड करून नमाजाला उभी राहिले. शेजारच्या हलीमाबाईने हसत माझे खांदे धरून मला उत्तरेकडे वळवलं. इथून मक्का उत्तरेला. किती लांब आलेय, ते मला त्या क्षणी कळलं.

वर्षभराने दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दाजी लाइनवर, आत नैरोबीकडे गेलेले. स्वाहिलीचा एक शब्द आठवेना. अब्बांचं बोलणं मात्र आठवलं. भिंतीवर हात आपटून मी मराठीतच हाक दिली, "मावशी, या हो!" हलीमाबाई धावत आली, गल्लीतल्या आणखी तिघींना घेऊन. दुपारी झैनब जन्मली, पण रडेना. हलीमाबाईने तिला पालथी धरून पाठ चोळली, चोळतच राहिली, तेव्हा कुठे आवाज फुटला.

बाळाच्या कानात रीतीप्रमाणे अजानची बांग द्यायला घरचा पुरुष नव्हता. समोरचे म्हातारे येमेनी कॉफीवाले हातपाय धुऊन आले आणि थरथरत्या आवाजात त्यांनी बांग दिली. शब्द न् शब्द माझ्या ओळखीचा. तू जन्मलास तेव्हा अब्बांनी तुझ्या कानात हेच म्हटलं होतं. इथे आल्यापासून मी पहिल्यांदा पोटभर रडले, आणि मग मला भूक लागली.

झैनब आठ वर्षांची झाल्यावर आम्ही औंढ्याला आलो. अब्बा राहिले नव्हते. तुझ्या पोरांबरोबर ती भाताच्या खाचरात उतरली. ती स्वाहिलीत ओरडायची, पोरं मावळीत उत्तर द्यायची, आणि कुणाचं काही अडलं नाही. मला मात्र धाकधूक होती, की तुम्ही मला आता पाहुणी समजाल.

निघताना बांधावर तू म्हणालास, "आपा, घरी पोचलीस की कागद धाड."

मोंबासातल्या आमच्या दोन खोल्यांना तू सहज घर म्हणालास. वाईट वाटायला हवं होतं. उलट पाय हलके झाले; माझ्या कागदाची वाट बघणारं घर मागे होतंच. थोडं पुढे गेल्यावर झैनबने विचारलं, मामाचं घरही आपलंच ना?

मी म्हणाले, "व्हय."