देव्हाऱ्यातला ट्रिलोबाइट

ठाण्याच्या शाळेत आम्ही दोघे मास्तर एकाच दिवशी लागलो. तरी आगगाडीच्या कामावरच्या साहेबाने तो दगड दिला माझ्या सोबत्यालाच. का, तर ह्याने खाडीवर साहेबाला चिंबोरीने, म्हणजे खाडीतल्या खेकड्याने, टाकलेली कात दाखवली होती. अहो, मीही तिथेच उभा होतो की. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. असा जळफळाट झाला की दोन दिवस मी वर्गात पोरांवर उगाच डाफरत होतो.

दगड लिंबाएवढा, विलायतेतल्या चुनखडीचा. त्यात एक किडा दगड होऊन बसलेला. पाठीवर कडीला कडी, मधे उंचवटा, दोन्ही अंगांना दोन पट्टे. साहेब त्याला ट्रिलोबाइट म्हणे; असला प्राणी आता जगात उरलेला नाही. मी म्हटलं, "खेकडाच हा."

"खेकडा नाही, विंचूही नाही," सोबती म्हणाला. "पण भाऊबंद त्यांचाच." मग त्याने डोक्यावरची केसाएवढी रेघ दाखवली. कात टाकताना हा प्राणी इथे उकलायचा, म्हणून खेकडा, कोळंबी, विंचू, गोम ह्या सांध्यांच्या पायांच्या गोतावळ्यात तो बसतो, असं त्याचं म्हणणं. पाय दगडात दिसत नव्हते, सगळी भिस्त त्या रेघेवर. सुट्टीनंतर साहेब रेघ स्वतः तपासणार आणि ह्याचं टिपण मुंबईच्या विद्वानांकडे धाडणार होता. म्हणजे ह्याचं नाव होणार. मी तोंडाने वा वा म्हटलं. आत नुसती आग आग होत होती.

सुट्टीत तो गावी निघाला आणि दगड विश्वासाने माझ्याकडे ठेवून गेला. बायकोला तो शाळिग्रामाच्या जातीचा वाटला. "देवांत ठेवू ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ठेव."

आमच्याकडे दर सोमवारी पितळेचे देव चिंच आणि राख लावून घासतात. त्यांच्याबरोबर ताम्हनात ह्यालाही घासलं. आंबटाने चुनखडी खाल्ली जाते हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच सोमवारी दगडावर बारीक फेस दिसला. मी विड्याचं पान लावत बसलो. असे सहा सोमवार गेले.

सोबती परतला. त्याने दगड खिडकीपाशी धरला, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. कड्या पुसट झाल्या होत्या आणि रेघ गेली होती. देव्हाऱ्याची हकीकत ऐकल्यावर तो मलाच समजावू लागला. "वहिनींना रागावू नकोस. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक?"

दाराआडून बायको म्हणाली, "मी दर सोमवारी ह्यांना विचारत होते, भावजी. फेस येतोय, घासू का म्हणून."

सोबत्याने माझ्याकडे पाहिलं. मग दगड उपरण्यात बांधून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी साहेबाला त्याने सांगितलं की दगड आपल्याच हातून बिघडला. माझं नाव घेतलं नाही. खोटं कशाला सांगू, त्या मोठेपणाचासुद्धा मला हेवाच वाटला.