अक्काच्या मसाल्यातले जादा चाळीस ग्रॅम

तिरफळं भाजल्याचा वास आला की पाडव्याआधीचा एक रविवार आठवतो. ऐवज एक किलो. हजर मी, बायको आणि मलकापूरहून आलेली तिची थोरली बहीण, अक्का. अक्काच्या माशाच्या मसाल्याची चव बायकोला कधीच साधली नव्हती. अक्का एखादा जिन्नस लपवते, असा आम्हा दोघांचा संशय होता, म्हणून सावलीत वाळवलेला कढीपत्ता, पुदिना, धने, मिरच्या, तिरफळं सगळं मी तोलूनच तिच्यापुढे ठेवलं. भाजल्या-दळल्यावर वजन घटायला हवं; भरलं चाळीस ग्रॅम जास्त. मी विचारलं, "अक्का, हे जादाचं कुठनं आलं?" "पावणं, मासं खाणार का नुसतं तोलणार?" म्हणत तिनं पिशवीतून एक डबी काढली. "आईच्या हातचा मसाला हाय. ती गेल्यापास्नं दरवर्षी जरासा नव्यात मिसळतो." बायकोचा आवाज चढला, "मग मला का न्हाय सांगितलंस?" "वाटणी मागितली असतीस की." मी तर मनात चाळीसचे निम्मे करूनही बसलो होतो. निघताना अक्कानं ती डबी बायकोच्या हातात ठेवली. आत बारा ग्रॅम उरले होते. अक्काची पाठ वळताच मी तोलून पाहिलं. तेव्हापासून बायको ती डबी माझ्या हाती लागू देत नाही.