लाल आकडा

शेतात खापर सापडलं की मामा ते आधी जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "कालचं कौल हाय, सायेब. टाका."

मी डॉक्टरेट केलेला माणूस. कन्नडकडचा रस्ता रुंद करण्याआधी त्याच्या कडेला काही पुरातन आहे का, हे शोधायला नेमलेला. मामा त्याच रस्त्यावरच्या गावचे, वाट दाखवायला रोजानं घेतलेले. पहिल्या दिवशी मी पिशवीभर 'सातवाहन' गोळा केले. संध्याकाळपर्यंत मामांनी चाटून चाटून पिशवी निम्मी केली.

गावाच्या कडेला बाभळीखाली एक वीरगळ होता. लढाईत पडलेल्या कुणा वीराचा हा कोरीव दगड नेमका रस्त्यात येत होता.

"आमचा बाबा ऱ्हाईल ना?" मामांनी वीरगळाला हात लावून विचारलं.

"म्हणजे काय! मी आहे ना."

नोंदणीच्या चिठ्ठ्या मी गारखेड्यात घरीच विसरलो होतो. मग काय, घेतला लाल रंग आणि दगडावरच ऐटीत आकडा रंगवला. अहो, असं करायचं नसतं हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं!

मामा कासावीस झाले. "लाल नगा लावू, सायेब. रस्तेवाले पाडायच्या घराला लालच लावतेत."

त्यावर मी त्यांना शास्त्रीय नोंदणीवर व्याख्यान दिलं. शेंदूर फासून गावकरी कोरीवकाम कसं बुजवतात, हेही सुनावलं. "व्हय, व्हय," म्हणत मामांनी सगळं ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "मशीन आलंय. तुमचा आकडा बगून बाबाकडंच वळलंय."

मी धापा टाकत पोचलो. मशीन उभं होतं. ड्रायव्हर चपला काढून हात जोडत होता. वीरगळ नखशिखांत शेंदरी, माझा आकडा गायब. मामांचे हात कोपरापर्यंत माखलेले.

"घरातला समदा शेंदूर संपला," ते ओशाळून म्हणाले. "तुमचं कोरीवकाम बुजलं बगा. माफी करा."

माफी त्यांनी मागितली. मी? मी मोठ्या मनानं "असू द्या" म्हणालो!

नारळ फोडून वीरगळ मागं सरकवला गेला. अहवाल इंग्रजीत लिहायचा होता. त्यात मी लिहिलं की तज्ज्ञानं वेळीच हस्तक्षेप केल्यामुळे वीरगळ वाचला. मामा म्हणाले, बाबाचं काय लिव्हलं ते वाचा की. मी ते वाक्य इंग्रजीतच खणखणीत वाचलं.

"कळलं नाय, पर लई झ्याक लिव्हलं," मामा खुशीत म्हणाले. अर्थ सांगायची माझी छाती झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. लाज वाटून मी अहवालातलं ते वाक्य खोडलं आणि बाबाला कुणी वाचवलं ते त्यांच्या नावानिशी लिहिलं. या वेळी मराठीत. मामांच्या घरच्यांना वाचून दाखवायला गावात गेलो, तर घराला कुलूप होतं.