कापड्याहून येणारा कॅन

आई पोलादपूरच्या पुढे कापडे गावात एकटी राहते, मी महाडला. रोज सकाळच्या एसटीने ती दुधाचा कॅन धाडते. कंडक्टर तो स्टँडवर माझ्या हातात देतो आणि संध्याकाळी मी घासून परत पाठवते. रिकामा पाठवायची आमच्यात रीत नाही, म्हणून आत चहात बुडवायचे बटर नाहीतर तिच्या गोळ्या असतात. महाडात दुधाला काय तोटा? पण कॅन आला म्हणजे आई उठली, म्हशीखाली बसली, हातपाय चालतायत. पावसात तिकडे फोन लागत नाही, तेव्हा तर मला दुसरा आधारच नसतो.

गेल्या श्रावणात एका सकाळी एसटी आली, कॅन आला नाही.

"आज थांब्यावर कोणीच नव्हतं, मॅडम," कंडक्टर म्हणाला. मी फोन लावून पाहिला, लागला नाही.

नेमकं त्याच दिवशी पाचवीला इंग्रजीतलं 'कॅन' शिकवायचं होतं. "बाई, दुधाचा!" म्हणत पोरं खिदळली. मला मेलं हसूही येईना. फळ्यावर एकेक वाक्य लिहीत गेले. मला पोहता येतं, तिथे कॅन. बाहेर जाऊ का, कॅन. जरा मदत करशील का, तिथेही कॅन. आणि असंही होऊ शकतं, त्यालाही कॅनच. इथे खडू थांबला. काय काय होऊ शकतं! दरड येऊ शकते, गोठ्यात पाय घसरू शकतो, आणि हाक ऐकायला कुणी नसू शकतं. मधल्या सुट्टीत अर्धी रजा टाकली आणि मिळेल ती गाडी धरली. पोलादपूरपर्यंत डोंगराकडच्या खिडकीतून नजर हलली नाही.

घरी पोचले तर आई पडवीत बसलेली, उजवा हात गळ्यात बांधलेला. शेजारची काकू म्हैस पिळत होती.

"गवताच्या भाऱ्यासकट पडली," काकू म्हणाली. "तुला सांगू नको म्हणून शपथ घातलीन. कॅन मीच धाडत व्हते गो. आज अंगात ताप हाय, थांब्यावर जायला जमला नाय."

म्हणजे इतके दिवस मी काकूच्या तब्येतीवर निर्धास्त होते! संताप आला, रडूही आलं. आईला नको नको ते बोलले.

"काय नाय झाला. जमतंय मला," ती म्हणाली. बाबा गेले त्या आठवड्यातही ती हेच म्हणाली होती. मग मीही काही विचारलं नव्हतं.

काकू गेली. दुसऱ्या दिवशी शाळा होती, मी परतीच्या गाडीसाठी पिशवी उचलली. आई बराच वेळ कॅनच्या झाकणाशी चाळा करत होती.

"दोन दिस ऱ्हाशील काय गो?"

जन्मात पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं. मी पिशवी खाली ठेवली. सकाळी कॅन आला नव्हता, तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.