अर्धी गोळी

तातडीच्या विभागात मला एक खुर्ची दिलेली आहे, पण तिच्यावर बसलेली मी कुणालाच फारशी आठवणार नाही. भोरच्या रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून लागले तेव्हा गावाकडं भोंगवलीला माझ्या घरच्यांना वाटलं, पोरगी औषधाच्या दुकानात बसते. माझं काम वेगळं. आलेल्या माणसानं आधी कोणती औषधं घेतली आहेत ते शोधायचं आणि डॉक्टर जे देणार आहेत त्याच्याशी त्यांचं जमतं का, ते बघायचं. हे कळेपर्यंत माझा पाय एका जागी ठरत नाही.

त्या सकाळी पासलीहून एका आजोबांना टेम्पोत घालून आणलं. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती. त्यांच्या मुलाच्या पोटऱ्यांवर चिखल तसाच वाळलेला. आजोबा घामानं निथळत होते, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते. नर्सनं बोटातून रक्त घेऊन तपासलं, तर साखर पार खाली गेलेली. डॉक्टर मॅडमनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि थोड्याच वेळात आजोबा उठून बसायला बघू लागले.

"मी हितं कशाला? रोपं सुकतील," म्हणाले.

मुलानं हात जोडले. "मॅडम, बरं झालं बघा. सोडा आता. माणसं बांधावर खोळंबल्यात."

"यांना शुगर आहे?" मी विचारलं.

"न्हाई. नुसती बीपीची एक गोळी."

तेवढ्यात हायवेवरचा अपघात आला. दुचाकीवरची दोघं, एकाच्या डोक्याला मार. डॉक्टर मॅडम तिकडं धावता धावता मला म्हणाल्या, "साखर का उतरली ते कळल्याशिवाय यांना हलवायचं नाही. घरात कुणाच्या काय गोळ्या आहेत, बघा जरा."

मुलगा फोनवर टेम्पोवाल्याला बोलावत होता. मी कधी आजोबांच्या खाटेपाशी, कधी दारात. बीपीच्या गोळीनं साखर अशी कोसळत नाही. जेवण चुकलं म्हणावं, तर सकाळी भाकरी खाऊन निघाले होते. मधुमेहाची गोळी पोटात गेली असेल, तर हा माणूस वरवरच बरा दिसत होता. ग्लुकोज लवकर सरतं, त्या गोळीचा जोर मात्र राहतो. घरी जाताना वेल्ह्याच्या पुढं घाटात परत डोळे मिटले, तर कोण काय करणार? आणि माझ्याकडं नुसता संशय.

आजोबांची बायकोही सोबत आली होती; ती आजी व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. मी तिला पाणी प्यायच्या निमित्तानं नळाकडं नेलं.

"आजी, तुम्हाला कसल्या गोळ्या चालू आहेत?"

"साकरंच्या." ती माझ्याकडं बघेना.

"आजोबांनी त्यातली घेतली का?"

तिनं मागं वळून मुलगा कुठं आहे ते पाहिलं. मग कमरेची पिशवी सोडली आणि गोळ्यांची अर्धवट कापलेली पट्टी माझ्या हातावर ठेवली. "लई थकल्यात वो. चालताना धाप लागती. मला ह्या गोळीनं बरं वाटतंया, म्हनून चार दिसांपासनं अर्धी अर्धी च्यात घालती. त्यास्नी ठावं न्हाई." तिनं माझं मनगट धरलं. "म्या इख घातलं का गं बाई त्यास्नी?"

"विष नाही, आजी. पण सांगितलंत, लई बरं केलंत."

मी पट्टी घेऊन आत पळाले. आजोबा गप्प झाले होते. कपाळाला हात लावला तर परत ओला. साखर पुन्हा उतरली होती. डॉक्टर मॅडम टाके घालत होत्या. मी पट्टी त्यांच्यासमोर धरली, नर्सनं घेतलेला आकडा सांगितला. त्यांनी तिथूनच ग्लुकोज पुन्हा द्यायला सांगितलं, सलाईन चालू ठेवायला लावलं आणि मूत्रपिंडाच्या तपासणीला रक्त पाठवलं. मूत्रपिंडं कमजोर निघाली. म्हणजे गोळी अंगातून निघायला आणखी वेळ लागणार होता. आजोबांना ठेवून घेतलं. टेम्पो मोकळाच परत गेला.

तो दिवस मी कसा काढला, मलाच माहीत. दुसरी कामं करत होते, पण दर थोड्या वेळानं त्या खाटेकडं जात होते. साखर वर यायची, जरा टिकायची, पुन्हा घसरायची. नर्स शेवटी वैतागली, "ताई, मी बघतेय ना!" खरंच बघत होती ती. तरी मी जायचेच.

दुसऱ्या दिवशी साखर ठरली. धाप कशानं लागते, त्याच्याही तपासण्या सुरू झाल्या. आजीला धास्ती होती ती याचीच. डॉक्टर मॅडमनी मुलाला खाटेपाशी बोलावून सगळं समजावलं. आईची गोळी वडिलांच्या पोटात गेली, एवढं कळताच तो भडकला. "आये, जीव घेतला असतास की त्यांचा!"

आजी भिंतीला चिकटून उभी राहिली. मी काही बोलणार, तोच आजोबा म्हणाले, "तिच्यावर का वराडतो? म्याच मागितली. तिला बरं वाटतंया, म्हनलं आपुन बी बघावी खाऊन."

चहातल्या गोळीचं मला ठाऊक होतं, पण मी ते सांगितलं नाही. आजीनं पदर नीट केला, खाटेजवळ आली आणि आजोबांचा सलाईननं सुजलेला हात हळूहळू चोळायला लागली. आजोबांनी डोळे मिटून घेतले. ते झोपले नव्हते, हे तिला कळत होतं आणि मलाही.